बीज पिकण्याचे दिवस

सप्तपर्णी फुलली की मला अजूनही भीती वाटते.

दसरा होऊन जातो, पंखा पाचावरून दोनावर येतो, आणि एका संध्याकाळी गाझियाबादच्या आमच्या वसाहतीत तो वास शिरतो. दाट, गोडसर, घशाशी येऊन बसणारा. झाडं आता चौथ्या मजल्याला टेकली आहेत. शेजारपाजारचे नाक मुरडतात, कुणाचं डोकं चढतं, दरवर्षी कुणीतरी ती तोडून टाका म्हणून सोसायटीला अर्ज देतं. माझं डोकं चढत नाही. माझे तळवे गार पडतात. साठी उलटली, भीतीचं कारण केव्हाच संपलं, तरी शरीराला ते कुणी कळवलेलं दिसत नाही.

त्या हिवाळ्यात ही झाडं पुरुषभर उंचीची होती, विटांच्या जाळीदार कुंपणात उभी, आणि पहिल्यांदाच फुलली होती. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. माझ्या नवऱ्याला, श्रीकांतला, नोएडात नव्यानं आलेल्या एका परदेशी कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही पुण्याहून यमुनेपलीकडच्या या टोकाला येऊन पडलो. खिडकीतून एकीकडे मोहरीचं शेत दिसायचं आणि दुसरीकडे सळया वर आलेले अर्धवट मजले. वीज गेली की बाल्कन्याबाल्कन्यांतून जनरेटर सुरू व्हायचे. मी पहाडगंजमधल्या मराठी शाळेत शिकवत होते. सकाळी गाझियाबादहून शटल पकडायची, नवी दिल्ली स्टेशनला उतरायचं, पूल ओलांडून शाळेत जायचं. सदतीस वर्षांची होते. लग्नाला अकरा वर्षं झाली होती.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात आमची पहिली खेप झाली होती. टेस्ट ट्यूब बेबी, असं तेव्हा सगळे म्हणत, आणि आवाज खाली आणून म्हणत. दहा-बारा दिवस इंजेक्शनं घेतल्यावर माझ्यातून चार बीजं काढली. दोन कच्ची निघाली. एक फळलंच नाही. चौथं फळलं, आणि तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून फोन आला. "मॅडम, ग्रोथ रुक गई है." पलीकडचा माणूस सभ्य होता, त्याला वाईट वाटत होतं हे कळत होतं. मी त्याला थँक यू म्हटलं. श्रीकांत चपला घालून दारातच उभा होता.

"काय म्हणाले?"

"थांबलं," मी म्हटलं.

त्याहून जास्त सांगण्यासारखं काही नव्हतंच.

दिवाळीच्या आधी, सप्तपर्णी फुललेली असताना, डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेल्या, बोलताना पेनाचं टोपण काढ-घाल करणाऱ्या बाई. त्यांनी हिंदीत सांगितलं ते असं, की अडचण बीजाच्या प्रतीची आहे. "आपण जानेवारीत जे बीज काढू ते आत्ता जागं व्हायला लागलंय. पिकायला त्याला तीनेक महिने लागतात. तुमचं वय मी कमी करू शकत नाही. पण झोप, खाणं, चालणं तुमच्या हातात आहे. साहेबांची सिगरेट आजपासून बंद. ही एक गोळी रोज. बाकी मला विचारल्याशिवाय कुठलंही चूर्ण नाही, काढा नाही. आणि गॅरंटी मागू नका, ती माझ्याकडे नाही." आम्ही दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून म्हणाल्या, "और टेन्शन बिल्कुल नहीं."

तिथून ते सुरू झालं. ते बीज आत्ता जागं होतंय, हे वाक्य मी घरी घेऊन आले आणि ते माझ्याबरोबर राहायला लागलं. तोपर्यंत माझं शरीर माझं होतं. दुखलं तर मला दुखायचं. आता माझ्या आत कुणीतरी होतं जे अजून कुणीच नव्हतं, आणि मी खाल्लेलं, श्वासातून घेतलेलं, मनात आणलेलं सगळं त्याच्यापर्यंत पोचत होतं. समोरच्या फ्लॅटला रंग लावत होते, त्याचा वास आला की मी ओल्या टॉवेलनं दाराच्या फटी बंद करायचे. जनरेटरचा धूर दिसला की नाक दाबून मधल्या खोलीत. चहा सोडला. पहिले चार दिवस डोकं इतकं दुखलं की मला वाटलं, या दुखण्याचाही त्याच्यावर परिणाम होत असेल. आणि सगळ्यात वाईट ते 'टेन्शन बिल्कुल नहीं'. भ्यायचं नाही असं सांगितलेलं होतं. त्यामुळे भीती वाटली की आधी त्या भीतीचीच भीती वाटायची.

तसे ते दिवस बाहेरून पाहणाऱ्याला सुखाचेच दिसले असते. रात्री भिजत घातलेले अक्रोड सकाळी सोलायची मी, त्यांची साल नखात अडकायची. डाळिंबाचे दाणे काढताना ओट्यावर लाल शिंतोडे उडायचे. दिल्लीचा हिवाळा भाज्यांचा. हातगाडीवर बथुआ, मेथी, मुळ्याचा पाला, लालभडक गाजरं. पालक तर इतका खाल्ला की श्रीकांत म्हणाला, आपल्याला हिरवं मूल होईल. मी हसले, आणि लगेच हसणं आवरलं. 'होईल' हा शब्द त्यानं इतक्या सहज उच्चारायला नको होता.

संध्याकाळी आम्ही दोघं चालायला जायचो, आखून ठेवलेल्या पण न बांधलेल्या प्लॉटांमधून. नुसते रस्ते होते, दिवे नव्हते, मध्ये मध्ये विटांचे ढीग. धुकं पडायला लागल्यावर पुढच्या वळणापलीकडचं दिसेना. मी श्रीकांतच्या स्वेटरची बाही धरून चालायची. खड्ड्यात पाय पडला तर, या भीतीनं.

खालच्या मजल्यावर खुराना आंटी राहायच्या. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. त्यांनी काही विचारलं नव्हतं. त्यांना सगळं माहीत होतं. एके दिवशी शाळेतून येताना त्यांनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. ओट्यावर उकडलेली दोन अंडी, मीठ, मिरपूड.

"आंटी, मैं नहीं खाती."

"पता है नहीं खाती. अंडे खाओगी तो अंडे बनेंगे ना!" त्या गंभीरपणे म्हणाल्या. वैद्यकशास्त्राचा असा सरळ रस्ता मी पहिल्यांदाच ऐकत होते. आयुष्यात अंड्याला हात लावला नव्हता. डोळे मिटले आणि उभ्यानंच खाल्लं. पिवळा बलक जिभेवर पिठासारखा फुटला. आंटी माझ्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. "बस बेटा, बस, हो गया." त्या हातामुळे मला रडू फुटलं, आणि रडूनही काही बिघडत असेल का, असा विचार त्याच क्षणी आला.

शाळा हा एकच भाग असा होता जिथे मी दोन-दोन तास ते विसरायचे. तिथेही एकदा गाठलंच त्यानं. सातवीला धडा वाचून घेत होते. पल्लवी नावाची मुलगी, वडील सैन्यात, गाव साताऱ्याकडचं पण जन्मापासून छावण्यांमधून वाढलेली, वाचता वाचता अडली.

"बाई, धाकधूक म्हणजे क्या होता है?"

"रेल्वे का आवाज!" मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला.

मी खडू खाली ठेवला. "निकाल लागायचा असतो ना, त्याच्या आधी छातीत, पोटात जे होतं, ते."

"अच्छा." तिनं वहीत लिहून घेतलं. मग मान वर करून म्हणाली, "पण बाई, निकाल लागला की जाते ना ती?"

"जाते," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार बारा वर्षांच्या मुलीला? पुढचं वाक्य मी स्वतःच वाचून टाकलं.

डिसेंबरात ही धाकधूक माझ्याकडून चूक करवून गेली. साहिबाबादपासून पुढे रुळांच्या कडेच्या भिंतींवर चुन्यानं हातहातभर अक्षरं रंगवलेली असायची. निःसंतान दंपति निराश न हों. एकदा मिलें. रोज जाता-येता मी ती वाचत होते आणि हसत होते. शिकलेली बाई, घरी वर्तमानपत्रं दोन. पण त्या महिन्यात गाड्या धुक्यामुळे अडकायच्या, आणि एकदा आमची शटल नेमकी त्या भिंतीसमोर पाऊण तास उभी राहिली. पाऊण तास मी ते वाचलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धी रजा टाकली आणि पत्ता शोधत गेले.

बाजाराच्या मागे एक खोली. कोट घातलेला, चष्मा लावलेला गृहस्थ. बाहेर बाकावर माझ्यासारख्याच बायका, सगळ्यांचे पदर तोंडावर. त्यानं माझी नाडी धरली, डोळे मिटले आणि म्हणाला, "बीज में ठंड बैठी है."

आज हे लिहिताना ते वाक्य किती पोकळ वाटतं. पण बाहेर सूर्य दिसून सहा दिवस झाले होते, माझी बोटं निळी पडली होती, आणि मला वाटलं, हा पहिला माणूस ज्याला आतलं दिसलं. त्यानं एकवीस पुड्या दिल्या. काळसर, राखेसारखी पूड, जिभेवर लोखंडासारखी चव. घरी ठेवायची सोय नव्हती. शाळेतल्या माझ्या कपाटात, तपासायच्या वह्यांखाली ठेवल्या. मधल्या सुट्टीत कोमट पाण्याबरोबर एक. डॉक्टरांनी बजावलं होतं, मला ऐकू आलं होतं, समजलंही होतं. तरीही घेतली. भीती माणसाला मूर्ख करत नाही; ती माणसाला एकटं करते, आणि एकट्या माणसाला काहीही पटतं.

आमच्याच इमारतीत आता सहाव्या मजल्यावर एक मुलगी राहते, बँकेत आहे. गेल्या महिन्यात लिफ्टमध्ये तिच्या हातात बर्फाची छोटी पिशवी आणि आत औषधाची खोकी पाहिली. मी काही बोलले नाही. पण असं काही लपत नसावं, कारण दोन दिवसांनी तिनंच विचारलं, "आंटी, अखरोट भिगोकर खाते हैं ना?" तिच्या फोनवर बीज सुधारण्याच्या उपायांची भलीमोठी यादी होती, ह्या बिया, त्या बिया, तेलं, पावडरी. आमच्या वेळच्या भिंती आता हातात मावतात. मी म्हटलं, "भिजवून खा. झोप काढ. आणि काहीही घेतलंस तरी डॉक्टरला सांग, काहीही." ती मान डोलावत राहिली. तिची बोटं गार असणार, हे मला न शिवता कळलं.

जानेवारीच्या सुरुवातीला, भूल द्यायच्या आधीच्या म्हणून, रक्ताच्या तपासण्या झाल्या. अहवाल डॉक्टरांनी दोनदा वाचला. टोपण काढलं, घातलं.

"लिव्हर के नंबर बढ़े हुए हैं. कुछ और ले रही हैं?"

"नहीं."

त्यांनी अहवाल टेबलावर ठेवला. वाट पाहत राहिल्या. खोलीतला हीटर करकरत होता. श्रीकांत माझ्याकडे बघत नव्हता, भिंतीवरच्या बाळाच्या फोटोकडे बघत होता. आणि माझ्या तोंडून निघालं ते मराठीत निघालं. "पुड्या."

डॉक्टर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी उरलेल्या पुड्या आणून द्यायला सांगितल्या आणि म्हणाल्या, "यात काय आहे ते मला माहीत नाही. म्हणून तर मी घाबरते." मग सावकाश, की जानेवारीत आता करता येणार नाही, महिन्यानं पुन्हा रक्त तपासू, आकडे उतरले तरच पुढे. एक महिना. सदतीसचं अडतीस व्हायला आलं होतं आणि एक महिना मी माझ्या हातानं पाण्याबरोबर गिळला होता.

परतताना श्रीकांत स्कूटर चालवत होता, मी मागे. यमुनेचा पूल उतरल्यावर त्यानं स्कूटर कडेला घेतली. धुक्यातून ट्रकचे पिवळे दिवे येत होते आणि जात होते. मला वाटलं, आता बोलेल. अकरा वर्षांत बोलला नाही ते सगळं बोलेल.

"मी पण," तो म्हणाला.

"काय?"

"रोज एक. ऑफिसच्या मागे, कँटीनच्या भिंतीला. मग बडीशेप खाऊन घरी येतो." हेल्मेट न काढताच बोलत होता, त्यामुळे आवाज डब्यातून आल्यासारखा येत होता. "सुटत नाही गं. तुझं तोंड बघितलं की जास्तच ओढावीशी वाटते."

मी चिडायला हवं होतं. मी म्हटलं, "मला माहीत होतं. म्हणून तू आल्यावर दहा मिनिटं मी तुझ्या जवळ येत नव्हते."

आम्ही तिथेच उभे राहिलो. एकाच घरात, एकाच बीजाला वाचवायला निघालेली दोन माणसं, आणि दोन महिने एकमेकांपासून लपत होतो.

पुढचा महिना वेगळा गेला. भीती कमी झाली असं नाही म्हणणार, पण ती घरात उघडी ठेवलेली होती, बसायच्या खोलीत. श्रीकांतनं सिगरेट सोडली. पंधरा दिवस तो ज्याच्या त्याच्यावर खेकसला, भाजीवाल्यावरसुद्धा. मी साडेनऊला झोपायला लागले. संक्रांतीला दिल्लीतल्या ओळखीच्या मराठी घरांतून हळदीकुंकवाची बोलावणी आली. एका घरी बाळाचं बोरन्हाणही होतं. मी गेले नाही. घरी बसून तीळ भाजले आणि नुसतेच खाल्ले. फेब्रुवारीत ऊन परत आलं, आकडे उतरले, आणि रस्त्याकडेच्या सावरीच्या उघड्या फांद्यांवर लाल फुलं बसायला लागली तेव्हा माझी इंजेक्शनं सुरू झाली.

या वेळी सहा बीजं मिळाली. पाच पिकलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेतून फोन, तोच सभ्य माणूस, पण आवाज वेगळा. "मॅडम, इस बार एग्ज बहुत अच्छे हैं." मी त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं. सदतीस वर्षांत मला कुणी सुंदर म्हटलं असेल नसेल, पण त्या वाक्यानं मला जे झालं ते कशानंच झालं नव्हतं. माझ्यातलं काहीतरी चांगलं होतं. अक्रोडांनी झालं, झोपेनं झालं, पालकानं की खुराना आंटींच्या अंड्यांनी, की नुसतंच त्या महिन्याचं तसं होतं, मला ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नव्हतं. तीन गर्भ तयार झाले, दोन आत ठेवले.

आम्हाला मूल झालं नाही, हे इथेच सांगून टाकते. कारण त्यानंतरच्या पंधरा दिवसांविषयी लिहिताना माझ्याच मनात अजून आशा उगवते, आणि वाचणाऱ्याला ती लावणं बरं नाही.

ते पंधरा दिवस म्हणजे आयुष्यातली सगळ्यात शुद्ध भीती. शिंक आली तर नाक दाबून धरायची. खोकल्याला भ्यायची. बाथरूमला जाताना दार लावलं की डोळे मिटायचे, आणि उघडायला धीर व्हायचा नाही. नावं सुचायची, सुचली की जीभ चावायची. होळी त्याच दिवसांत आली. खाली पोरं पाण्याचे फुगे फेकत होती, प्रत्येक फुटण्याबरोबर मी पोटावर हात धरायचे. श्रीकांतनं दिवसभर दार उघडलं नाही. संध्याकाळी खुराना आंटी आल्या, माझ्या कपाळाला चिमूटभर गुलाल लावला आणि गेल्या.

होळीनंतर चौथ्या दिवशी निकाल आला.

डॉक्टरांनी कागद आमच्याकडे वळवला नाही. "नहीं हुआ," म्हणाल्या. मग पेन बाजूला ठेवलं, अगदी टेबलाच्या कडेला. "बीजं चांगली होती. गर्भही चांगले होते. तुम्ही सगळं केलंत. का टिकलं नाही, हे मला माहीत नाही."

मी रडेन असं वाटलं होतं मला. पण 'मला माहीत नाही' हे शब्द कानात शिरले आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा माझे खांदे खाली आले. इतके दिवस मी दोष शोधत होते, चहाच्या कपात, रंगाच्या वासात, पुड्यांत. आणि ज्यांना कळायला हवं त्यांनाही माहीत नव्हतं. दुःख होतं, ते पुढे वर्षानुवर्षं आलं, लग्नांत, बारशांत, भर वर्गात. पण त्या क्षणी नुसती शांतता होती.

"पुन्हा करायचं का, ते सावकाश ठरवा," डॉक्टर म्हणाल्या.

बाहेर आवारात एक सिमेंटचा बाक होता. आम्ही बसलो. मार्चमधलं ऊन, कडुनिंबाची पिवळी पानं सारखी गळत होती. श्रीकांत गुडघ्यांवर कोपरं टेकून खाली बघत होता.

"नको आता," मी म्हटलं.

त्यानं वर पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम मोडला. अकरा वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं, त्याला अजून हवं होतं.

"तुला करायचं होतं का?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली. "मला वाटत होतं तू हो म्हणशील." मग म्हणाला, "तुला आत नेलं ना, तेव्हा एका कागदावर माझी सही घेतली. भूल देताना काही कमीजास्त झालं तर म्हणून. पहिल्या वेळी मी न वाचताच केली होती. या वेळी वाचला कागद. तू बाहेर येईपर्यंत चाळीस मिनिटं मी त्या कॉरिडॉरमध्ये... मूल मी एकदाही मागितलं नाही गं. बीजं सहा आली की सोळा आली, मला काही पडलं नव्हतं. तू बाहेर यायला हवी होतीस."

पाच महिने मी न दिसणाऱ्या एका कणाभोवती हातांचा आडोसा धरून बसले होते. त्या कणाला काय लागतं, काय बाधेल, सगळं मला पाठ होतं. आणि शेजारी चालणारा हा माणूस, ज्याची बाही मी रोज धुक्यात धरत होते, तो कशाला भितो, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

त्याचा हात हातात घेतला. माझ्याहून गार होता.

"अजून कशाकशाची भीती वाटते तुला?" मी विचारलं.

तो सांगायला लागला. आधी अडखळत, मग सलग. ऊन पावलांवरून गुडघ्यांवर आलं, गुडघ्यांवरून मांडीवर आलं, तरी त्याचं सांगून होत नव्हतं.